जंगलाच्या हिशेबात उतरण्याआधी

जंगलतोड आणि हवामानबदल या विषयात काम करायचंय, असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी झाड मोजायला शिका.

खोडाचा व्यास जमिनीपासून 1.3 मीटरवर घेतात. सरळ खोडाला हे मिनिटाचं काम. पण उष्णकटिबंधातल्या मोठ्या झाडांची आधारमुळं पुरुषभर उंच चढलेली असतात. तिथे टेप गुंडाळला तर मुळांचाच घेर हाती येतो. मग शिडी लावायची, मुळं संपतात त्याच्या अर्धा मीटर वर मोजायचं आणि तिथेच रंगाची रेघ ओढायची, म्हणजे काही वर्षांनी येणारा माणूसही त्याच जागी टेप धरेल. वेल आडवी आली तर तिच्याखालून टेप सरकवायचा, वेल तोडायची नाही. पुढचं सगळं या एका मापावर उभं आहे. व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून झाडाचं वाळलेलं वजन काढतात आणि त्यातला साधारण निम्मा भाग कार्बन धरतात. या सूत्रात व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली बारीक चूक हेक्टरी आकड्यात चांगलीच फुगते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर 50 हेक्टरांच्या तुकड्यात 1 सेंटिमीटर जाडीपासूनचं प्रत्येक झाड 1980च्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजलं जातंय. उपग्रहावरून कार्बनचा अंदाज बांधणाऱ्यांनाही तो शेवटी अशाच मोजणीशी ताडून पाहावा लागतो.

एवढं झालं की उपग्रहाकडे वळा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं 2008 मध्ये मोफत झाली आणि हा विषय सगळ्यांना खुला झाला. पण वर्षावनांवरचे ढग महिनोन्महिने हटत नाहीत, म्हणून सेंटिनेल-1 या युरोपीय उपग्रहाचं, ढगांच्या पार पाहणारं रडार टाळू नका. ती करडी, दाणेदार चित्रं सुरुवातीला वैताग आणतात, हे खरं.

आकडा हाती आला की तो कोणत्या व्याख्येवर बसलाय ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या लेखी किमान अर्धा हेक्टर जागा, 5 मीटर उंच झाडं आणि 10 टक्के छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन) म्हणजे जंगल. त्यात रबराची लागवड बसते, तेलमाडाची (पाम तेलाच्या झाडांची) नाही. म्हणजे जुनं जंगल जाऊन रबर आलं, तर कागदावर जंगलतोड शून्य! मला हे आजही खटकतं.

आणि कायदा वाचा, कंटाळा आला तरी वाचा. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये 2004 साली सुमारे 27,800 चौरस किलोमीटर जंगल तुटलं. 2012 साली हा आकडा सुमारे 4,600 वर आला. दरम्यान जंगलतोडीचे उपग्रहाचे इशारे थेट कारवाई करणाऱ्या पथकांकडे जाऊ लागले होते, नवी संरक्षित क्षेत्रं आणि आदिवासी प्रदेश जाहीर झाले होते, नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा सोयाबीन न घेण्याचा करार व्यापाऱ्यांनी 2006 मध्ये केला होता. पुढे कारवाई ढिली पडली आणि 2021 मध्ये आकडा 13,000 वर गेला. उपग्रह आकाशात होतेच, इशारेही येत होते. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत मी सुचवतो तो प्रश्न जरूर विचारा: तुमचे नकाशे पुढे कोणाकडे जातात, आणि ते काय करतात?

पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच किंवा इंडोनेशियन, यांतली एक भाषा आतापासूनच धरा. वर्षावनांच्या बहुतेक देशांत जमिनीचे दावे, गावसभांचे ठराव, वनखात्याचे आदेश हे सगळं त्याच भाषांत असतं.