कर्लीच्या मुखातून होडी काढताना

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे मी वल्हवायला शिकलो. आधी १० मिनिटं वाळूवर उभं राहून नुसत्या लाटा बघायच्या. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मग जरा उसंत मिळते; तेवढ्यात निघायचं. ओहोटीला मात्र नकोच. बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडलं की लाट उभी राहून फुटते. मी एकदा घाई केली, वल्हं गेलं, जाळंही गेलं.

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेवर सरळ; वल्ह्याचे हात आखूड पण जलद. आडवे झालात की पालथे.

परतताना मागची लाट होडी गर्रकन फिरवते. म्हणून मी नाळ समुद्राकडेच ठेवून उलटं वल्हवत किनाऱ्याला येतो. लोक हसतात, हसू देत. आणि हो, पाणी उपसायचा डबा दोरीने बांधलेला असू दे.