चिरेखाणीत ट्रक उतरवण्याआधी

एकास पाच मापाचा, रिमोटवर चालणारा पेट्रोलचा खेळातला ट्रक हातात आला की पहिलं लक्ष जातं इंजिनाकडे आणि सायलेन्सरकडे. माझंही गेलं होतं. आता मी क्रम उलटा धरतो. आधी गाडी खात्रीने थांबली पाहिजे, मग तिला स्वच्छ हवा मिळाली पाहिजे, आणि ताकद वाढवायची ती सगळ्यात शेवटी. कोकणातली जांभ्याची धूळ आणि खारी हवा लहानमोठं इंजिन बघत नाही.

थांबण्यापासून सुरू करा. असा ट्रक पंधरा किलोच्या आसपास भरतो आणि मोकळ्या जागेत ताशी ५० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. रिमोटचा सिग्नल तुटला आणि थ्रॉटल उघडाच राहिला तर समोर वाडीतलं पोर असेल किंवा चरणारं वासरू. म्हणून गाडीतल्या रिसीव्हरचं फेलसेफ असं लावा, की सिग्नल गेल्याबरोबर सर्व्हो, म्हणजे थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर, थ्रॉटल मिटून ब्रेक दाबेल. मग इंजिन बंद ठेवून, चाकं अधांतरी धरून, रिमोट बंद करा आणि सर्व्हो खरंच ब्रेककडे वळतो का ते डोळ्यांनी बघा. रिसीव्हरची बॅटरीच मेली तर फेलसेफचा उपयोग नाही, सर्व्हो होता तिथेच राहतो. त्यासाठी ठिणगी तोडणारा वेगळा किल स्विच हवा, आणि तोही वीज गेल्यावर आपोआप इंजिन बंद करणाऱ्या जातीचा. थ्रॉटलला परतीची स्प्रिंग लावा. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. घरातल्या ज्या कुणाच्या हाती रिमोट जाईल त्याला हे पाठ हवं.

आता हवा. माझ्या पहिल्या इंजिनाचा सिलिंडर एकाच हंगामात ओरखडला, कारण फिल्टरचा स्पंज मी कोरडाच बसवला होता. जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक असते, कोरड्या स्पंजातून ती सरळ आत जाते. स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल चोळून मुरवा, जास्तीचं पिळून काढा. वरून कापडी टोपी चढवा. तयार केलेले दोन स्पंज डब्यात बरोबर ठेवा आणि दिवसभर चालवायचं असेल तर दुपारी बदला. फिल्टरच्या बुडाशी ग्रीसची बारीक कड फिरवा, धूळ तिथूनही शिरते. मोठं इंजिन घेण्याआधी मी चार फिल्टर घेईन.

इंजिन म्हणाल तर ते ग्रास कटरच्या इंजिनाचं सख्खं भावंड आहे. टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारं, दोरी ओढून सुरू करायचं, साधारण २३ ते ३२ सीसीचं. बरेच ट्रक जपानी झेनोआ इंजिनावर किंवा त्याच्या नकलेवर चालतात आणि कार्ब्युरेटर वॉलब्रोच्या पद्धतीचा, पडद्यावर (डायफ्रामवर) चालणारा असतो. तेव्हा बाजारपेठेतला ग्रास कटर दुरुस्त करणारा मेकॅनिक आधीच गाठून ठेवा. पडदे, पेट्रोलची नळी, दोरीची स्प्रिंग यांतलं बरंच काही त्याच्याकडे सापडतं आणि कान तयार असल्यामुळे मिश्रण कोरडं चाललंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, हे त्याला आवाजावरून कळतं.

तेलात चूक करू नका. बंदरावर होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टू-स्ट्रोक तेल सहज मिळतं, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. आपल्याला हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं, डब्यावर जासो एफडी लिहिलेलं तेल पाहिजे. प्रमाण २५ला १, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही, म्हणून लागेल तेवढंच कालवा आणि घरी आल्यावर टाकी रिकामी करा. पहिल्या काही टाक्या मिश्रण थोडं ओलंच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, ठेवा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरू नका. प्लग एनजीकेचा सीएमआर७एच, फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. त्या नावातला ‘आर’ म्हणजे आतला रेझिस्टर, जो रिसीव्हरला ठिणगीच्या खरखरीपासून वाचवतो. दुसराच प्लग टाकायचा असेल तर तोही रेझिस्टरवालाच घ्या.

स्क्रूंवर एक अख्खी संध्याकाळ द्या. धातूत जाणारा प्रत्येक स्क्रू काढा, पुसा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून परत बसवा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्यांना तो लावू नका, प्लास्टिक तडकतं. काळे ॲलन स्क्रू इथे पाहतापाहता गंजतात, म्हणून बाहेरचे स्क्रू स्टेनलेसचे चालतील. पण इंजिन माउंटचे मात्र मूळचेच कडक स्टीलचे ठेवा, स्टेनलेस तिथे ताणतं. बेअरिंगवर कोरलेला नंबर लिहून घ्या. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या बेअरिंगच्या दुकानात तो दाखवला की बऱ्याचदा रबरी सीलवाला जोड मिळतो आणि परदेशातून पार्सल यायची वाट बघावी लागत नाही. पिनियन (लहान दातचाक) आणि स्पर (त्याला भिडणारं मोठं दातचाक) यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून दाते जुळवा. डिफरेन्शियलचं तेल बदलून घ्या.

पैसे उरले तर पहिली बढती स्टीअरिंग सर्व्होला द्या, धातूच्या दातांचा आणि ३० किलोच्या वर जोर असलेला. त्याच्याबरोबर त्याला पुरेल अशी बॅटरीही घ्या. मग शॉक ॲब्सॉर्बर. ट्यून्ड पाइप, म्हणजे ताकद वाढवणारा सायलेन्सर, सगळ्यात शेवटी, आणि तोही आवाज दाबणारा. वाडीत दुपारी म्हातारी माणसं झोपलेली असतात.

जागा आधी पायी फिरून बघा. पाणी आटलेली, काम थांबलेली चिरेखाण उत्तम, मालकाला विचारून. पुळणीवर ट्रक नेऊ नका. ओल्या वाळूतलं मीठ बेअरिंगमध्ये बसतं ते निघत नाही, आणि वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावरही सांभाळा. रत्नागिरी-राजापूरच्या कातळावर कोरलेली शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. कित्येक ठिकाणी ती गवताखाली असतात, नुसती चालताना दिसत नाहीत.

मे अखेरीस आवरताना टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. गार झाल्यावर प्लग काढून आत तेलाचे चार थेंब सोडा, दोरी तीनदा हळू ओढा, प्लग लावा. रिसीव्हरची बॅटरी काढून वेगळी ठेवा. ट्रक पडवीत नको, तिथे पावसाची झड येते. माळ्यावर, खाली फळी घालून, जुन्या चादरीत. आणि गणपतीला घरी आलात की माळ्यावर चढून दोरी एकदा हळू ओढून बघा.