पॅडल थरथरलं तरी पाय उचलू नका

कसारा घाट उतरताना, पावसात, करकचून ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरतं, खडखड आवाजही येतो. ब्रेक बिघडलेला नसतो, एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) कामाला लागलेलं असतं. चाकाजवळचा सेन्सर चाकाची गती मोजतो. चाक जाम होऊ लागलं की व्हॉल्व्ह त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करतो. चाक फिरत राहतं, म्हणून स्टिअरिंग ऐकतं. तेव्हा पॅडल पूर्ण दाबून धरा आणि मोकळ्या जागेकडे वळवा. पॅडल दाबून-सोडून पंप करणं ही जुन्या गाड्यांची सवय; इथे त्याने थांबायचं अंतर वाढतं.

खडी किंवा सुट्या मातीवर एबीएस असूनही गाडी जास्त लांब जाऊन थांबते. दिंडोरीकडच्या कच्च्या रस्त्यांवर वेग आधीच कमी ठेवा. गुळगुळीत टायरला तर एबीएसही वाचवत नाही.

बाइक सिंगल चॅनेल असेल तर एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं जाम होऊन घसरू शकतं.

एबीएसचा पिवळा दिवा गाडी चालू लागल्यावरही विझला नाही, तर साधा ब्रेक बहुतेकदा चालतो, पण करकचून दाबला तर चाक जाम होऊ शकतं. सेन्सरवर चिखल बसलाय का, वायर तुटलीय का, ते आधी तपासून घ्या. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला घ्या.