एका पागेत सगळ्यांचे घोडे: साथ आत येऊ नये म्हणून काय काय करायचं

आपला घोडा आपण कितीही जपला तरी शेजारच्या ठाणातला घोडा काल कुठल्या शोला जाऊन आला आणि तिथे कुणाच्या नाकाला नाक लावून आला हे आपल्या हातात नसतं. आमच्या पागेत एकदा एक घोडी आली, दिसायला एकदम टकाटक, दुसऱ्याच दिवशी सगळ्यांत सोडली, आणि दहाव्या दिवशी दोन घोड्यांच्या जबड्याखाली गाठी आल्या. स्ट्रँगल्स, म्हणजे घोड्यांच्या जबड्या-घशाच्या गाठींत पू करणारा, जिवाणूंमुळे पसरणारा आजार. नंतर कळलं की आधीच्या ठिकाणी तिला "जरा सर्दी" झालेली. तेव्हापासून मी थर्मामीटरवाला माणूस झालोय, लोक हसतात, हसू देत.

तर सुरुवात थर्मामीटरपासूनच. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सियस असतं, पण प्रत्येकाचं नॉर्मल थोडं वेगळं, म्हणून आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी, घोडा शांत असताना, मोजून वहीत लिहून ठेवा. घोड्याच्या अगदी मागे नाही, बाजूला चिकटून उभं राहायचं, टोकाला व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात घालायचा आणि थर्मामीटरला दोरी बांधून तिचा चिमटा शेपटीला लावायचा, नाहीतर एक दिवस तो आत जाईल किंवा लिदीत सापडेल. ही एवढी कटकट कशासाठी? स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो आणि घोडा नाकातून जंतू पसरवायला लागतो तो साधारण एक-दोन दिवसांनी. म्हणजे नाक वाहायच्या आधी घोडा वेगळा करायला तेवढाच वेळ मिळतो, आणि तो फक्त थर्मामीटरमुळे कळतो. ताप दिसला की परस्पर तापाचं औषध देऊ नका, आकडा खाली येतो, आजार तिथेच राहतो आणि डॉक्टरांना काहीच कळत नाही.

दुसरं, नवीन घोडा आला की तीन आठवडे वेगळा. हो, पूर्ण तीन. फ्लू १ ते ३ दिवसांत दिसतो, हर्पिस (ईएचव्ही-१ हा घोड्यांचा विषाणू) बहुतेक वेळा २ ते १० दिवसांत, स्ट्रँगल्स ३ ते १४, म्हणजे "चार दिवस बघितला, ठीक आहे" याला काही अर्थ नाही. वेगळा म्हणजे नाकाला नाक लागणार नाही असा, शक्यतो २५ मीटर तरी लांब. त्याची बादली, तोबरा, खरारा, लीद उचलायचा फावडा सगळं वेगळं, आणि त्यावर लाल टेप, कारण घाईत कुणीच लक्षात ठेवत नाही. रोज दोनदा तापमान. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, स्ट्रँगल्समधून बरे झालेले काही घोडे घशाजवळच्या हवेच्या पिशव्यांमध्ये महिनोन्‌महिने जंतू बाळगून असतात, खोकला नाही ताप नाही काही नाही. म्हणून जमलं तर डॉक्टरांकडून त्या पिशव्या धुऊन त्या पाण्याची पीसीआर (जंतू शोधणारी चाचणी) करून घ्या, खर्च आहे पण अख्खी पागा बंद पडण्यापेक्षा कमीच.

आता माणसं आणि वस्तू. मोतद्दाराने (घोड्यांची देखभाल करणाऱ्याने) आधी निरोगी घोडे करायचे, वेगळा ठेवलेला सगळ्यात शेवटी, मग हात धुवायचे, बूट घासायचे, कपडे बदलायचे. नालबंदालाही हेच सांगा, तो दिवसात तीन पागा फिरतो. पाण्याचा पाइप बादलीत बुडवून ठेवायची सवय मोडा, तेच टोक पुढच्या बादलीत जातं आणि स्ट्रँगल्सचे जंतू पाण्यात काही आठवडेसुद्धा टिकू शकतात. लगामाची कडी, नाक पुसायचा स्पंज, हे उसने देणं बंद. सुई तर एका घोड्याला एकच, कारण घोड्यांचा रक्तक्षयाचा विषाणूजन्य आजार इक्वाइन इन्फेक्शियस अ‍ॅनिमिया चावणाऱ्या माश्यांसारखाच सुईतूनही पसरतो आणि तो झालेला घोडा आयुष्यभर त्याचा वाहक राहतो.

जंतुनाशक शिंपडून मोकळं होऊ नका. लीद आणि माती असेल तिथे ब्लीचचा जोर मरतो, म्हणून आधी खरवडा, साबणाने घासा, धुवा, वाळू द्या, मग जंतुनाशक, आणि लेबलवर लिहिलाय तेवढा वेळ ओलं राहू द्या.

लस? फ्लूची सगळ्यांनी आपापल्या घोड्यांना द्या, एकट्याने देऊन अर्धाच फायदा. हर्पिसची लस दिली तरी मज्जासंस्थेवर येणारा प्रकार टळेलच याची खात्री नाही.

आणि एवढं करूनही कुणाला ताप आलाच तर त्याच मिनिटाला पागेचं गेट बंद, कुणीही आत-बाहेर नाही. इथे सगळ्यात वाईट चूक म्हणजे घाबरून आपला घोडा रात्रीतून दुसरीकडे नेणं, त्याला लागण झालेली असेल तर तुम्ही दुसऱ्यांची पागाही बुडवली. तीन गट करा: लाल म्हणजे आजारी, पिवळा म्हणजे त्यांच्या संपर्कात आलेले, हिरवा म्हणजे बाकीचे. पिवळ्यातल्याला ताप आला की लालमध्ये. ग्लँडर्सचा संशय आला, म्हणजे नाकात व्रण, चिकट स्राव, कातडीवर गाठी फुटणं, तर हातमोजे-मास्कशिवाय हात लावू नका, तो माणसालाही होतो आणि जीवघेणा आहे, लगेच सरकारी पशुवैद्यकांना कळवा.

पैशाचं आधीच ठरवा बाबांनो. स्वॅबचे पैसे कोण देणार, डॉक्टर कोण बोलवणार, हे शांतपणे लिहून सह्या करून ठेवा. साथीत लोक ताप लपवतात ते बहुतेक बिलाच्या आणि दोष अंगावर येण्याच्या भीतीने, त्यामुळे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याच्यावर ओरडायचं नाही हा नियमही त्यातच टाका.

गेट कधी उघडायचं ते अंदाजाने नाही. स्ट्रँगल्सला आठवड्याच्या अंतराने तीन स्वॅब निगेटिव्ह किंवा त्या पिशव्यांची तपासणी निगेटिव्ह, हर्पिसला शेवटच्या आजारी घोड्यानंतर किमान २१ दिवस, तेही डॉक्टर सांगतील तसंच. फ्लू झालेल्याला जितके दिवस ताप होता तितके आठवडे आराम द्या, खोकला थांबला म्हणून लगेच खोगीर चढवू नका.