ग्रुपवरच्या ‘तात्काळ’ माहितीवर मी काढलेला तोडगा

आमची जिल्हा परिषदेची दुशिक्षकी शाळा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचा पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. त्यामुळे कार्यालयही मीच आणि पहिली-दुसरीचा वर्गही माझाच. वेळ खायची ती वरच्या कार्यालयातून मोबाइलच्या ग्रुपवर ‘तात्काळ’ म्हणून मागितली जाणारी माहिती. फोन हातात घेतला की मुलं व्हरांड्यात!

नीट पाहिलं तर मागतात तेच तेच: इयत्तावार पट, मुलं-मुली, प्रवर्ग, आधार, बँक खाती, वर्गखोल्या, शौचालयं. हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये भरून मोबाइलवर ठेवलं. नवा प्रवेश झाला किंवा कुणी दाखला नेला की जनरल रजिस्टरसोबत ही शीटही त्याच दिवशी दुरुस्त करायची. यू-डायस प्लस, म्हणजे शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल, भरतानाही तीच उघडतो.

मोबाइल डेटा मधल्या सुट्टीपर्यंत बंद. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना आधीच सांगितलं, “सर, खरीच निकड असेल तर कॉल करा.” कॉल क्वचितच येतो, यावरून काय ते समजा. पोषण आहाराची रोजची नोंद सहकारी मॅडम करतात, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त मी लिहितो. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम मात्र अजून कुठल्याच वेळापत्रकात बसलेलं नाही.