अर्धवेळ नोकरीत शैक्षणिक कर्ज फेडताना
लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत अर्धवेळ शिकवून हाती थोडेच पैसे येत असले, तरी कर्जाचा हप्ता सुरू होण्याची वाट पाहू नये. कारण अभ्यासक्रमानंतर साधारणतः 1 वर्षाची जी सवलत मिळते ती हप्त्यापुरती असते, व्याज मात्र साचत जाऊन पुढे मुद्दलात मिळवले जाते. 4 लाखांवर 10 टक्क्यांनी महिन्याचे व्याज सुमारे 3,333 रुपये होते. निदान तेवढे, नाहीतर जमेल तितके, दरमहा भरावे. पुढे हप्ता झेपेनासा झाला, तर तो थकण्यापूर्वीच शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागावी, कारण थकबाकीची नोंद सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या नावावरही होते आणि पेरणीच्या तोंडावर त्यांचे पीककर्ज अडू शकते.