साताऱ्याहून ग्रुपने लडाखला बाईकवर जायचंय? मग गाडीच्या आधी माणसं बघा

दरवर्षी मार्च आला की पोवई नाक्यावर चहा पिता पिता कोणाच्या तरी डोक्यात लडाखचा किडा वळवळतो, सातआठ जण "फिक्स रे भावा" म्हणतात, व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, डीपीला पँगाँगचा फोटो लागतो आणि पुढचे दोन महिने चर्चा एकाच गोष्टीवर, गाडी कोणती चालंल. गाडी हा सगळ्यात सोपा विषय आहे राव. पोरं लडाखला शंभर सीसीवर पण जाऊन येतात. मी दोनदा जाऊन आलोय, एकदा गाढवपणा करून आणि एकदा डोकं लावून, आणि दोन्ही वेळेला ट्रिप जिथं अडली तिथं माणसामुळं अडली.

पहिल्या वेळचं सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. आमच्यात एक कोरेगावकडचा पहिलवान गडी, तालमीत वाढलेला, जोर-बैठका रोजच्या. मनालीवरून निघालो, एक मुक्काम जिस्पाला, दुसरा डायरेक्ट सरचूला. पहिलवानाचं डोकं दुपारपासनं ठणकत होतं पण गडी बोलला नाय, कारण काय तर बाकीची काडीपैलवान पोरं ठणठणीत आणि आपण काय रडायचं. रात्री उलट्या सुरू, पहाटे तंबूतनं बाहेर आला तर पाय सरळ पडंना, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. आणि सरचूची गंमत अशी की ते एका बाजूला बारालाचा ला आणि दुसऱ्या बाजूला लाचुंग ला यांच्या मधे अडकलेलं आहे, स्वतः 14,000 फुटांच्या आसपास आणि दोन्ही खिंडी 16,000 च्या वर. म्हणजे माणसाला खाली न्यायचं तरी आधी वर चढवायचं. शेवटी उजाडताच एका पिकअपमधे घालून बारालाचा ओलांडून केलाँगच्या दवाखान्यात नेला, खाली आला तसा माणसात आला. त्याची बाईक कोणी आणायची यावर जी भांडणं झाली ती वेगळीच.

तर पहिलं काम हे. निघायच्या आधी ग्रुपमधे सरळ ठरवून टाकायचं की डोकं दुखलं की बोलायचं, जो लपवेल त्याची त्या दिवशीची गाडी बंद. उंचीचा त्रास फिटनेस बघून होत नाही, जिममधल्याला होतो आणि पोट सुटलेल्याला होत नाही असं सर्रास दिसतं, उलट तगडी माणसं घाई करतात आणि लपवतात म्हणून जास्त अडकतात. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी प्रत्येकाला तीन प्रश्न: डोकं दुखतंय का, भूक आहे का, काल झोप लागली का. डोकं दुखतंय आणि वर मळमळ किंवा भूक गेली, तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी वर चढायचं नाही, बास. शंका आली तर पंजाला टाच लावत सरळ रेषेत चालायला लावायचं, तोल गेला तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यात गुलाबी फेस दिसला तरी लगेच खाली. ऑक्सिजनचा डबा आणि बोटाला लावायचं मीटर ठेवा पण त्यावर भरवसा ठेवून बसू नका, गार बोटावर मीटर काहीही दाखवतं आणि डबा पाच-दहा मिनिटांत संपतो, खरं औषध म्हणजे खाली उतरणं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा, आणि ती घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, सारखी लघवीला लागते, तेव्हा घाबरून जाऊ नका.

आता रूट. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चढताना श्रीनगरकडून जावं आणि उतरताना मनालीकडून, उलटं नाही. कळसूबाई आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ती 5,400 फूट. श्रीनगर साधारण तेवढंच. तिथून झोजी ला 11,500 च्या जवळपास चढतो पण झोपायला तुम्ही परत कारगिलला खाली येता, 8,800 फुटांवर, मग नमिका ला, फोटू ला करत लेह 11,500. फोटू ला साडेतेरा हजाराच्या आसपास आहे आणि या रस्त्यावरचा तोच सगळ्यात उंच. म्हणजे दिवसा उंच गेलात तरी रात्री खाली झोपता, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मनालीकडून मात्र 6,700 वरून दोन रात्रीत 14,000 ला झोपायची पाळी येते. डॉक्टर लोकांचं साधं गणित असं की 10,000 च्या वर गेलं की झोपायची जागा रोज दीड हजार फुटापेक्षा जास्त चढवू नये, त्यात सरचू कुठं बसतंय ते तुम्हीच बघा. लेहला पोचल्यावर पूर्ण दोन दिवस काही करायचं नाही. "शांती स्तूप तर जवळ आहे, पायऱ्या चढून येऊ" म्हणणारा एक असतोच, त्याला खोलीत कोंडा.

दोन दिवसांनी खारदुंग ला. तिथल्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं, मोजणी 17,582 च्या आसपास आहे, फोटो काढा पण घरी येऊन फेकू नका. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळं वर पंधरा मिनिटं, फार तर वीस, फोटो काढायचे आणि उतरायचं. उड्या मारायच्या नाहीत, शिवगर्जना द्यायची असेल तर एकदाच द्या (आम्ही तीनदा दिली, दोघं खाली बसले). पलीकडं नुब्रात डिस्किट-हुंडरला 10,000 च्या आसपास झोप मस्त लागते. पँगाँग 14,000 च्या आसपास, ते शेवटी ठेवा. मग परतीला तांगलांग ला, लाचुंग ला, गाटा लूप्सची 21 वळणं, बारालाचा, तोवर शरीर तयार झालेलं असतं.

सीझन म्हणाल तर जून शेवट ते सप्टेंबर मध्य. आपल्याकडच्या माणसाला हवामान समजवायला सोपं आहे: महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटाव कोरडंठाक, तसंच तिथं. मनाली, कुल्लू, मंडी म्हणजे महाबळेश्वर, पावसाळ्यात दरडी तिथंच पडतात. रोहतांगच्या पलीकडं लाहौल, लडाख म्हणजे माण-खटाव, फक्त गार. आता 9 किमीचा अटल बोगदा आहे, 2020 ला सुरू झालेला, त्यामुळं रोहतांग चढायची गरज नाही, एका तोंडाला चिंब पाऊस आणि दुसऱ्या तोंडाला ऊन, भारी वाटतं. पण जुलै-ऑगस्टमधे जाणार असाल तर मंडी-मनाली पट्ट्यासाठी हातात दोन दिवस एक्स्ट्रा ठेवा, आणि परतीचं तिकीट सुटीच्या शेवटच्या दिवशीचं काढू नका.

प्रॅक्टिसला लांब जायची गरज नाही, घरासमोर युनिव्हर्सिटी आहे आपल्या. मेढा, केळघर, महाबळेश्वर, मग आंबेनळीने पोलादपूर आणि परत पसरणीने वाई, अशी एक चक्कर संपूर्ण लगेज बांधून मारा. रिकाम्या गाडीवर मारलेली प्रॅक्टिस म्हणजे प्रॅक्टिस नाही. सांगलीकडच्या पोरांनी कुंभार्ली करावा, सपाटीवर शंभरने पळवून घाट येत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांजवळ आडवा वारा लागतो तो पण खा, मनाली-लेह रस्त्यावरच्या मोरे प्लेन या पठारावर तसाच लागतो. यात गाडी किती चालते ते बघायचं नाही, माणसं बघायची: कोण मागं पडतो, कोण सांगून ऐकत नाही, कोण ओल्या वळणावर ओव्हरटेक मारतो. ज्याला तीन चकरात समज येत नाही त्याला प्रेमानं "पुढच्या वर्षी बघू" म्हणा. वाईट वाटेल, वाटू द्या.

ग्रुप सहा ते आठ गाड्यांचा, त्याच्या वर गेला की लग्नाचं वऱ्हाड होतं, एक चहा घेतो तर दुसरा लघवीला थांबतो आणि दिवस जातो. पुढं लीड, शेवटी स्वीप, स्वीपला सगळ्यात शांत डोक्याचा आणि ज्याला पंक्चर काढता येतं तो. सगळ्यात स्लो माणूस लीडच्या मागं दोन नंबरला, शेवटी नाही, शेवटी ठेवला की तो गाठायच्या नादात वळणावर आपटतो. प्रत्येकाने आरशात मागच्याची लाईट बघत राहायचं, दिसली नाही की स्पीड कमी, तरी नाही दिसली की सेफ जागा बघून थांबायचं. फाट्यावर तर मागचा येऊन हात करेपर्यंत हलायचंच नाही, कारण फोन लागणार नाही. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड कार्ड लडाखमधे चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही मनाली-लेह रस्त्यावर बराच वेळ मुकं असतं. म्हणून सकाळी निघतानाच "पुढची गाठ अमक्या ढाब्यावर" असं ठरवून निघायचं. घाटात सिंगल लाईन. मिलिटरीचा ताफा आला की कडेला घेऊन थांबा, दरीच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला.

गाडीचं थोडक्यात. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, पंधरा दिवस आधी करा आणि मग दोनशे-तीनशे किमी चालवून बघा, म्हणजे मिस्त्रीनं काय ढिलं ठेवलंय ते इथंच कळतं. नवीन क्लच वायर जुन्या वायरीच्या शेजारूनच ओवून बांधून ठेवा, तुटली की पाच मिनिटात टोक बदललं की झालं, थंडीत हात वाकडे झाल्यावर टाकी उचकटत बसायला नको. क्लच-ब्रेकचे लिव्हर, फ्यूज, प्लग, चेन लिंक, ट्यूब, पंप, पंक्चर किट हे ग्रुपमधे वाटून घ्या, सगळं एकाच गाडीवर नको कारण नेमकी तीच पुढं गेलेली असते. वर हवा पातळ म्हणून गाडी दम खाते, कार्बोरेटरवाली जास्त, त्यावर एअर फिल्टर काढून टाकायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका, धुळीने इंजिन खाल. चढाला हाफ क्लचवर गाडी ओढत राहिलात तर क्लच प्लेट जळणार, पहिल्या गिअरला पळू द्या बिचारीला.

पेट्रोल. तांदीच्या पंपावर पुढचा पंप 365 किमी अशी पाटी आहे, मनालीकडून जाताना. 13 लिटरची टाकी, 30 चं ॲव्हरेज म्हणजे कागदावर 390, पण चढ, थंडी, पहिला-दुसरा गिअर यात ॲव्हरेज बसतं, म्हणून माणशी पाच लिटरचा कॅन. परतीला लेहमधूनच टाकी आणि कॅन फुल करून निघा. कॅन सायलेन्सरच्या बाजूला बांधू नका, हे सांगायला लागू नये पण मी बघितलंय.

पाण्याचे नाले हा खरा खेळ. बर्फ दिवसभर वितळतं म्हणून सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं, बारालाचाच्या अलीकडं-पलीकडं, झिंगझिंगबार ते भरतपूर पट्ट्यात आम्ही दुपारी दोनला पोचलो आणि एका गाडीला सहा जण ढकलत होतो. म्हणून मुक्कामावरून सकाळी लवकर निघा आणि खिंडी दुपारच्या आत पार करा, फक्त पहाटे सावलीतल्या वळणावर पाणी गोठलेलं असतं तिथं ब्रेक लावू नका. नाला दिसला की आधी थांबा, दुसरी गाडी किंवा ट्रक कुठून जातो ते बघा, मग एका वेळी एकच गाडी: पहिला गिअर, रेस एकसारखी, क्लचला हात नाही, नजर समोरच्या काठावर, चाकासमोरच्या दगडावर नाही. मधे थांबलात की संपलं. पाय भिजणारच, सुके मोजे प्लॅस्टिकमधे गुंडाळून ठेवा, ओल्या मोज्यात शंभर किमी म्हणजे शिक्षा आहे.

कागदपत्रं ओरिजिनल, आरसी स्वतःच्या नावावर असेल तर उत्तम. नुब्रा-पँगाँगला सध्या काय लागतं ते निघायच्या आधी ऑनलाईन बघा, झेरॉक्सचा गठ्ठा ठेवा. मनालीतून भाड्याने गाडी घेणार असाल तर तिच्यावर नुब्रा-पँगाँग करू देत नाहीत, लेहची लोकल गाडी घ्यावी लागते. स्वतःची गाडी रेल्वेने टाकायची तर पुण्याहून जम्मूला झेलम आहे, मिरजेवरून निझामुद्दीनला गोवा एक्सप्रेस आहे. टाकी पूर्ण रिकामी करून द्यायची, गोणपाट गुंडाळताना आरसे-इंडिकेटर काढून बॅगेत घ्या, आम्ही ते एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या भरवशावर सोडले आणि दोन गाड्यांचे चार आरसे गेले.

पैसे कॅश ठेवा, नेटवर्क नाही तिथं क्यूआर कोड नुसता स्टिकर आहे. कॉन्ट्री निघायच्या आधी काढा, एकाच्याच हातात द्या, आणि त्यानं रोज रात्री वहीत लिहायचं, "नंतर बघू" वर दोस्त्या तुटतात. दारू परतीला सगळ्या खिंडी उतरून खाली आल्यावरच. पाणी तीन-चार लिटर रोज, तहान लागो न लागो. कंदी पेढे आणि शेंगदाण्याची चटणी जरूर न्या, भूक मेलेली असते तेव्हा मॅगीपेक्षा चटणी-भाकरीचा तुकडा जातो, आणि ढाबेवाल्या आजीला पेढा दिला की जास्तीची गोधडी मिळते.

शेवटचा धोक्याचा टप्पा कोणी सांगत नाही तो म्हणजे जिस्पाच्या खाली. हवा परत मिळते, गाडीला एकदम जोर येतो, रस्ता गुळगुळीत, आणि दहा दिवस तीसने चाललेली पोरं ऐंशी पकडतात. आमचा दुसऱ्या ट्रिपचा एकमेव अपघात तिथंच झाला, खांदा निखळला, तोही लीडवाल्याचा, म्हणजे माझाच.